दादाची नरकविहीर रुंद कर

पत्र

प्रिय ताई,

मी इंदूरला रामबागेत राहते, दहावीत आहे. माझा दादा जुलैत इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. त्याआधी दोन वर्षं आम्ही दोघांनी मिळून टेरारिया या खोदायच्या-बांधायच्या व्हिडिओ गेममध्ये एक मध्यम आकाराचं जग उभं केलं. मधोमध आमचा राजवाडा आहे, इंदूरच्या खऱ्या राजवाड्यासारखा सात मजली, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. डावीकडे जंगल आहे. राजवाड्याच्या डाव्या अंगाला दादाने थेट पाताळापर्यंत दोन ब्लॉक रुंदीची विहीर खोदली आहे. आम्ही तिला नरकविहीर म्हणतो.

दादा जाताना म्हणाला होता, मी येईपर्यंत वॉल ऑफ फ्लेशला, म्हणजे पाताळातल्या त्या चालत्या मांसाच्या भिंतीला, हात लावू नकोस. मी लावला नव्हता. पाताळात एका उडणाऱ्या राक्षसाला मारलं, त्याच्या हातातली बाहुली लाव्ह्यात पडली आणि ती भिंत चालून आली. मी लढले आणि जिंकले. पण हार्डमोड, म्हणजे खेळाचा पुढचा कठीण टप्पा, सुरू झाला आणि जंगल आणि नरकविहीर यांच्या मध्ये जांभळ्या करप्शनचा, म्हणजे पसरत जाणाऱ्या सडक्या जमिनीचा, पट्टा उगवला. उजवीकडे गुलाबी हॅलो आहे, तोही तसाच पसरतो. मी लाकडाची एक भिंत घातली. मग नाणी जमावीत म्हणून सापळा लावून लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. सकाळी भिंतीच्या अलीकडेही जांभळं होतं. ड्रायड (खेळातली वनदेवी) म्हणते जगात करप्शन 11 टक्के, हॅलो 9 टक्के. वॉलकडून मिळालेल्या हातोड्याने वेद्या फोडायच्या की नाही, तेही कळत नाही.

दादा दिवाळीला येणार आहे. त्याला काहीच सांगितलेलं नाही. नवं जग सुरू करू का?

– घाबरलेली राखणदार, रामबाग

उत्तर

अगं राखणदार,

आधी खेळातून बाहेर पड, जग सेव्ह होऊ दे आणि मग पुढचं वाच. ही बाधा जग उघडं असतानाच सरकते. तू शाळेत असतेस, क्लासला असतेस, जेवायला बसतेस, तेव्हा तिथे गवताचं एक पातंही जांभळं होत नाही. दिवाळीपर्यंत रोज थोडं थोडं जाईल असं तुला वाटत असेल, तर ती भीती काढून टाक. तू जितके तास खेळशील तितके तासच ते पसरेल. त्या एका रात्री लॅपटॉप चालू राहिला, तेव्हा एरवी तुझ्या आठवडाभराच्या खेळात झालं असतं तेवढं झालं. सापळ्याची नाणी मिळाली असतील, पण या जगात आता चालू ठेवून झोपणं बंद. पुरेशा विहिरी होईपर्यंत तरी बंदच.

दुसरी गोष्ट बाहुलीची. ती गाइडची, म्हणजे खेळातल्या वाटाड्याची, बाहुली लाव्ह्यात पडली की गाइड मरतो आणि वॉल ऑफ फ्लेश जागी होते, हा खेळाचा नियमच आहे. ती घेऊन फिरणारा राक्षस पाताळातच असतो आणि पाताळात जिकडे तिकडे लाव्हाच असतो. असंख्य खेळाडूंचा हार्डमोड असाच, न ठरवता सुरू झाला आहे. तू तर तयारी नसताना, एकटीने, ती भिंत पाडलीस. दादाला सांगशील तेव्हा हे आधी सांग.

आता तुझी लाकडी भिंत का हरली ते बघू. हे नीट समजलं की बाकीचं सगळं तुझं तुलाच सुचेल.

हार्डमोडच्या आधी करप्शन गवतावरून आणि काट्यांवरून रांगत पुढे जातं, दगडातून जात नाही. हार्डमोडमध्ये मात्र बाधित गवत, दगड, वाळू, बर्फ आणि काटे, यातला प्रत्येक ब्लॉक आपल्यापासून तीन ब्लॉकांच्या आतला कुठलाही बाधा होण्याजोगा ब्लॉक पकडू शकतो. मध्ये काय आहे ते तो बघत नाही. मध्ये लाकूड असो, पोकळी असो, पाणी असो, तीनच्या आत पलीकडे दगड असेल तर तो गेला. तुझी भिंत किती जाडीची होती? पत्रात लिहिलं नाहीस, पण एका ब्लॉकची असणार. बाधेने ती फोडली नाही, तिच्यावरून नुसती उडी मारली. दादाची दोन ब्लॉक रुंदीची विहीरही म्हणूनच आज कामाची नाही. खाली उतरायला ती छान, पण अडवायला अपुरी आहे.

मग किती रुंदी हवी? हिशोबाने चार पुरायला हवेत. मी सहा ठेवते, आणि तूही सहाच ठेव. कारण काटे मोकळ्या जागेत वाढतात आणि वाढलेल्या काट्यापासून पुन्हा तीन ब्लॉकांची उडी मोजायची असते. सहाच्या खाली मी एकदा गेले होते, फार पूर्वी, माझ्या पहिल्या जगात. घाईत चारवर थांबले. एका काट्यापायी पलीकडचं जंगल हळूहळू पूर्ण गेलं, आणि त्या काळी गेलेलं जंगल परत येत नसे. ते जग मी अजून ठेवलं आहे. उघडते क्वचितच.

आता राजवाडा. तुमचा राजवाडा वाचून मला खूप आनंद झाला, कारण तुम्ही तो खऱ्यासारखा, खाली दगड आणि वर लाकूड असा बांधलात. आपल्या खऱ्या राजवाड्याचं लाकूड आगीने पुन्हा पुन्हा खाल्लं, 1801 मध्ये, 1908 मध्ये, आणि 1984 ची आग तर घरातल्या मोठ्यांना अजून आठवत असेल. तुझ्या जगात मात्र गणित उलटं आहे. तिथे लाकडाला ही बाधा होत नाही, दगडाला होते. वरचे चार मजले कायमचे सुरक्षित आहेत. खालचे तीन साध्या खणलेल्या दगडाचे असतील तर जांभळं तीन ब्लॉकांवर आलं की तेही जांभळे होतील, मग भिंत तुम्ही हाताने रचलेली का असेना. उपाय सोपा आहे, वेळखाऊ आहे. भट्टीत दगडाच्या करड्या विटा कर आणि खालच्या तीन मजल्यांचा दगड एकेक करून विटांनी बदल. विटांना बाधा होत नाही. रंग जवळपास तोच राहतो, लांबून फरक कळणारही नाही. हे काम शांतपणे, रोज थोडं करण्यासारखं आहे. विहिरी झाल्या की मग कर, आधी नाही.

अंगणातल्या गवतासाठी ड्रायडकडून सूर्यफुलं घे आणि राजवाड्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने लाव. सूर्यफुलाच्या मुळाखालचा ब्लॉक बाधित होत नाही, शिवाय आजूबाजूला बाधा जवळ आली तरी माणसं घरं सोडून जाण्याचा धोका त्याने कमी होतो. पण फुलांच्या भरवशावर विहीर टाळू नकोस. ती वरच्या एका थराचं राखण करतात. जे येतं ते खालच्या दगडातून येतं.

आता मुख्य गोष्ट. तुझं पत्र वाचताना मला सारखं जाणवत होतं की तुला ते 11 आणि 9 हे आकडे सतावतात. ते शून्यावर आणायच्या मागे आत्ता लागू नकोस. माती, चिखल, चिकणमाती, खनिजं, लाकूड, पाताळातली राख यांना ही बाधा होत नाही, त्यामुळे तो आकडा शंभराकडे जाऊच शकत नाही. सगळं जग आपण राखत नसतो. त्यातली आपली माणसं, आपलं घर आणि पुढे लागणार आहे ती जागा राखायची. तुझ्याकडे अशा दोनच जागा आहेत, राजवाडा आणि जंगल. बाकीचं रान, मधल्या टेकड्या, तो जांभळा पट्टा, राहू दे तसाच.

इंदुरात पावसाळ्यानंतर रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत कसं माजतं ते तू बघितलं असशील. शेजारच्या प्लॉटचं गवत माझ्या आईने कधी उपटलं नाही. आपल्या कुंपणाच्या कडेची एक पट्टी ती फुलं येण्याआधी मुळासकट काढायची, दर वर्षी, हातात मोजे घालून. आमच्या बागेत ते कधीच शिरलं नाही. तुला त्या पट्टीसारखं काहीतरी करायचं आहे, फक्त उभं आणि खूप खोल.

मध्यम जग 6400 ब्लॉक रुंद आणि 1800 ब्लॉक उंच असतं. जमिनीपासून पाताळापर्यंतची एक विहीर हजार ब्लॉकांच्या आसपास जाते, आणि सहा रुंदी म्हणजे सहा हजारांच्या आसपास खोदकाम. आकडा बघून दचकू नकोस. डायनामाइटने यातलं बरंच काम होतं आणि वरून खाली जाताना तू एकीकडे खनिजंही गोळा करत जाशील. पाताळात राख असते, तिला बाधा होत नाही, म्हणून विहीर तिथे टेकली की खाली आडवं काही खोदायची गरज नाही.

क्रम असा ठेव. सर्वांत आधी जंगलाची कड. जांभळा पट्टा आणि जंगल यांच्या मध्ये, जंगलाच्या उजव्या हद्दीला लागून पहिली विहीर. राजवाड्याच्या आधी जंगल का? कारण राजवाडा बिघडला तर विटा बदलून पुन्हा बांधता येतो, पण पुढचा सगळा खेळ जंगलाच्या पोटातून जातो. क्लोरोफाइट हे खनिज तिथल्या चिखलात वाढतं. तिन्ही यांत्रिक बॉस (मोठे शत्रू) हरले की प्लँटेरा या पुढच्या बॉसची कळी तिथेच उगवते, आणि प्लँटेराशिवाय पुढची दारं उघडत नाहीत. हॅलो जंगलाच्या गवताला हात लावत नाही, करप्शन लावतं. पूर्वी करप्शन जंगलात शिरलं की चिखलाची माती व्हायची आणि नंतर शुद्ध केलं तरी साधं रान मिळायचं. सप्टेंबर 2022 च्या 1.4.4 आवृत्तीपासून बाधित जंगलाचं वेगळं गवत आलं आणि ते शुद्ध करून पुन्हा जंगल मिळवता येतं. तुझ्या लॅपटॉपवर कोणती आवृत्ती आहे ते सुरुवातीच्या पडद्यावर कोपऱ्यात बघ. 1.4.4 किंवा त्यापुढची असेल तर तुझ्याकडे चूक सुधारायची एक संधी आहे. जुनी असेल तर ती अजिबात नाही, मग ही विहीर आजच्या आजच.

दुसरं काम दादाची नरकविहीर. ती राजवाड्याच्या डावीकडे आहेच, म्हणजे अर्धं काम त्याने करून ठेवलं आहे. दोनाची सहा कर. वाढवताना जांभळ्या बाजूला वाढव, म्हणजे बाधित ब्लॉकच निघत जातील आणि राजवाड्याच्या बाजूची स्वच्छ जमीन जाणार नाही. तुझ्या लाकडी भिंतीच्या अलीकडे जे जांभळं दिसलं ते विहीर ओलांडून राजवाड्याच्या अंगाला आलंय का, हे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. स्वच्छ बाजूला राहिलेला एक ब्लॉकसुद्धा सगळं पुन्हा सुरू करतो. सुटे ब्लॉक दिसले तर खोदून काढ किंवा ड्रायडकडची प्युरिफिकेशन पावडर टाक. 1.4.4 मध्ये बायोम साइट नावाचं पेय आलं आहे, ते प्यायलं की बाधित ब्लॉक चमकून दिसतात. या तपासणीसाठी त्याच्यासारखं काही नाही. नकाशावर विसंबू नकोस. तू शेवटचं जे पाहिलंस तेच नकाशा दाखवतो, तुझ्या मागे काय बदललं ते त्याला माहीत नसतं.

विहिरीच्या तोंडाशी, वरच्या दहा-बारा ब्लॉकांत, दोन्ही कडांना लाकूड किंवा विटा लाव. तिथे माती उघडी राहिली की गवत येतं, गवत आलं की काटे येतात. वरून जायला लाकडी प्लॅटफॉर्मचा पूल टाक, मातीचा कधीच नको. दादाने दोर लावला असेल तर तो राहू दे, दोराला काही होत नाही.

तिसरी विहीर राजवाड्याच्या उजवीकडे, हॅलोच्या बाजूने. तिला घाई नाही. हॅलोमध्ये माणसं राहू शकतात, आणि हॅलो व करप्शन एकमेकांना गिळत नाहीत. तिथले एकशिंगी घोडे मात्र अंगणात नकोत, म्हणून सवडीने तीही कर.

वेद्यांबद्दल विचारलंस. वेदी फोडली की जगात हार्डमोडचं खनिज उगवतं, पहिल्या तीन वेद्यांना तीन पातळ्यांचं. पण प्रत्येक वेदीमागे जगात कुठेतरी, कुठल्याही कोपऱ्यात, एखादा दगड बाधित होण्याची शक्यता असते. तो राजवाड्याखाली असू शकतो किंवा जंगलाखालीही. वेदी कुठली फोडली याने फरक पडत नाही. वेद्या फोडण्याची झिंग चढते हे मला माहीत आहे, पण तू तीनवर थांब. त्यातून निघेल तेवढं खोदून घे. कमी पडलं तर तळ्याकाठी बसून मासे धर, हार्डमोडमध्ये गळाला लागणाऱ्या पेट्यांतून ही खनिजं मिळतात. मासेमारीला वेळ लागतो, पण तिने जगाचं काही बिघडत नाही. अगदीच अडलं तरच पुढच्या तीन.

सगळं शुद्ध करायची वेळ नंतर येईल. एक यांत्रिक बॉस हरवलास आणि रिकामं घर असलं की स्टीमपंकर नावाची विक्रेती राहायला येते. ती क्लेंटॅमिनेटर हे जमीन शुद्ध करणारं फवारणीयंत्र विकते, किंमत 2 प्लॅटिनम नाणी. त्यात हिरवं सोल्यूशन भरून, याच विहिरींतून उतरताना थोड्या थोड्या अंतरावर थांबून आडवं फवारत गेलीस, तर दोन विहिरींमधला मोठा भाग भराभर साफ होतो. म्हणजे आज खोदलेलं वाया जात नाही. प्लँटेरा हरली की पसरण्याचा वेग निम्म्यावर येतो, तेव्हा खरी सफाई काढ. आणि तेव्हाही करप्शनचा एक भाग जमिनीखाली, चहूबाजूंनी सहा ब्लॉक मोकळे सोडून, राखून ठेव. सोल्स ऑफ नाइट (वस्तू बनवायची सामग्री) तिथूनच मिळतात, ते पुढे सारखे लागतात. सगळं पुसून टाकलेली माणसं नंतर हेच जांभळं बियाणं शोधत फिरतात.

नवं जग सुरू करू का, असं विचारलंस. बदली म्हणून नको, सोबत म्हणून हवं तर कर. टेरारियात पात्र आणि जग वेगवेगळे सेव्ह होतात. तुझं पात्र, त्याची हत्यारं, चिलखत घेऊन तू दुसऱ्या नव्या जगात जाऊन येऊ शकतेस. तिथून दगड आण, लाकूड आण, डायनामाइट विकणारा तिथे वसव आणि माल इकडे घेऊन ये. तू त्या जगात असशील तोवर राजवाड्याचं जग बंद, म्हणजे तिथे काहीच पसरत नाही. मोठं खोदकाम करायच्या आधी जगाच्या फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेव. विंडोज असेल तर डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात टेरारिया, त्यात वर्ल्ड्स. दोन वर्षांचं काम एकाच लॅपटॉपवर असणं मला तुझ्या करप्शनपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

आणि दादा. दिवाळीची वाट बघू नकोस, या रविवारीच फोन कर. तो रागावेल असं तुला वाटतंय, कारण त्याने वॉलला हात लावू नकोस म्हटलं होतं. त्याला ती लढाई तुझ्यासोबत लढायची होती, म्हणून तो तसं म्हणाला. ती गेली याचं त्याला वाईट वाटेल, आणि ते त्याला वाटू दे. पण त्या जगाचा अर्धा भाग त्याने खोदला आहे. परक्या गावात, वसतिगृहात बसलेल्या मुलाला आपल्या जगात काय चाललंय ते कळायला हवं. त्याच्याकडे लॅपटॉप असेल तर तुमच्या ठरलेल्या वेळी जग उघड आणि त्याला आत बोलाव. एकाने वरून, एकाने खालून खोदलं तर जंगलाची विहीर दोन संध्याकाळींत होईल.

फोनवर काय बोलावं सुचत नसेल तर कामाचंच विचार: डायनामाइटची जुनी पेटी कुठल्या मजल्यावर ठेवली आहेस?

तुझी,
ताई